कथलाचा कप

वैशालीचा फोन आला तेव्हा मी मागावर होते. सकाळचं ऊन नुकतंच खिडकीतून ताण्यावर आलं होतं. "मोठ्याई, बाबा गेले," ती म्हणाली. बाबा म्हणजे तिचे सासरे, माझे धाकटे दीर, श्रावण भाऊजी. मी विचारलं, "कवा?" ती म्हणाली, "आत्ताच. मी चहा ठेवून राहिली होती. बसल्या बसल्या मान खाली टाकली…" मी म्हटलं, "निघते." आडवा दोरा नेणारा धोटा अर्ध्यात होता. अर्ध्यात धोटा सोडून उठलं तर कापडावर ओळ पडते आणि ती ओळ लुगडं फाटेपर्यंत दिसते. म्हणून मी तो पलीकडे नेला, फणी ओढून ठोकली आणि मगच उठले. हे ऐकून वरठीला भाऊजींच्या घरी बायका एकमेकींकडे पाहत होत्या, की बाई दगड आहे. असेन. पण भाऊजींना बोलता आलं असतं तर त्यांनी पहिलं हेच विचारलं असतं, "वयनी, धोटा पार नेला होता ना?"

आमचं घर पवनीचं, विणकराचं. माझ्या सासऱ्यांचे दोन मुलगे, दोघंही मागावर वाढले. थोरला माग धरून राहिला, तो माझा नवरा. धाकट्याला मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसणं जमलं नाही. त्याला कबड्डी पाहिजे, सायकल पाहिजे, चार गावं फिरणं पाहिजे. सासऱ्यांनी शिव्या दिल्या, सासूबाई रडल्या, आणि भाऊजी वरठीच्या कारखान्यात लागले. तिथेच त्यांनी खोली घेतली, मग घर बांधलं, आणि जन्मभर लोखंडाजवळ राहिले. सणावाराला आले की मागाजवळ येऊन उभे राहायचे, पण बसायचे नाहीत. मी म्हणायची, "बसा ना भाऊजी, खड्डा का चावते तुमाले?" ते म्हणायचे, "एकदा चावला ना वयनी, पुन्हा कायले पाय घालू?" असं आमचं चालायचं. नवरा गेला तेव्हा सगळ्यांना वाटलं आता माग बंद. मी तेराव्यानंतर मागावर बसले. मला विणता येत होतंच. घरातल्या बाईला विणता येतं, फक्त तिला विणकर म्हणत नाहीत.

त्या मागाची गोष्ट सांगितल्याशिवाय भाऊजींची गोष्ट सांगता येणार नाही. माझ्या मागाच्या डोक्यावर जकार्ड बसवलेलं आहे. कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, लुगड्याच्या किनारीत मोर उठतात ते त्याच्यामुळे. ते यंत्र पुठ्ठ्याच्या भोकांप्रमाणे किनारीचे दोरे वर उचलतं. उचललेला दोरा परत खाली यायला हवा, म्हणून प्रत्येक दोऱ्याच्या खालच्या टोकाला एक बारीक वजन लटकतं, बोटाच्या पेरापेक्षा थोडं लांब. अशी शंभरावर वजनं मागाखाली एका रांगेत लोंबत असतात. वजन नसलं तर दोरा वरच अडकतो आणि मोराची मान तुटते. आमची वजनं लोखंडाची होती, सासऱ्यांच्या वेळची. चारपाच वर्षांपूर्वी वैनगंगेचं पाणी घरात शिरलं आणि दोन दिवस माग कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला. लाकूड वाळलं. वजनं मात्र गंजून गेली, एकमेकांना चिकटली, हात लावला की पापुद्रे निघायचे. पिवळ्या कोशावर गंजाचे ठिपके पडले की ते लुगडं कोणी घेत नाही.

माझा मुलगा गजानन नागपूरला असतो. पूर ओसरल्यावर आला, घर धुवायला मदत केली, आणि जाताना म्हणाला, "आई, आता पुरे. दिवाळीले गाडी घेऊन येतो. माग मोडून लाकूड देऊन टाकू, अन् तू चाल माझ्यासंग." तो वाईट बोलला नाही. त्याची खोली तिसऱ्या माळ्यावर आहे, तिथे माझ्यासाठी एक पलंगही घेऊन ठेवला होता. पण मी तो पलंग पाहिला होता. त्याच्यावर पडून दिवसभर छताकडे बघायचं आणि सून ऑफिसातून आली की जेवायचं… मी म्हटलं, "अन् माग चालू झाला तं?" तो म्हणाला, "वजनं कुठून आणशील? नागपुरात मी विचारून आलो. तो माल येणंच बंद झाला." मी म्हटलं, "दिवाळीले पाहू." त्याला वाटलं म्हातारी ऐकली.

त्याच आठवड्यात भाऊजी मोटरसायकलवर आले. निवृत्त झाले होते, बायको दोन वर्षांपूर्वी गेली होती, वेळ होता. मागाखाली वाकून त्यांनी एक गंजलेलं वजन तोडून घेतलं, बोटावर तोललं, आणि म्हणाले, "हे तं ओतून होते. शिशाचं पाडू." मी म्हटलं, "तुमी पाडाल? माग सोडून पळाले होते ना?" ते म्हणाले, "पळालो म्हणून तं शिसं वितळवता येते. बसून राहिलो असतो तं तुमच्यासारखं मोरच काढत बसलो असतो." वजन खिशात टाकून ते गेले.

साचा करण्यातच पंधरवडा गेला. वरठीच्या खरादवाल्याला, लेथवर लोखंड कातणाऱ्याला, त्यांनी लोखंडाचे दोन तुकडे आणि नमुना दिला, की ह्या आकाराची खोबण पाड, एका टोकाला निमुळती, दुसऱ्या टोकाला दोरा ओवायची कडी. खरादवाल्याने नमुना पाहिला, भाऊजींकडे पाहिलं आणि काम परत केलं. "काका, हा गोळीचा साचा होय. मले भानगडीत नका पाडू." भाऊजींनी शपथा घेतल्या. तो म्हणाला, "बंदूकवाले असंच सांगतात." शेवटी भाऊजी मला घेऊन गेले आणि मी माझं लुगडं घेऊन गेले. त्याच्या दुकानात, तेलाच्या पिंपावर कागद अंथरून मी किनार उलगडली आणि म्हटलं, "भाऊ, हे मोर पाह्य. ह्या मोराले गोळी नाई घालाची, त्याले उभं कराचं आहे." त्याने ग्रीसचे हात मागे बांधून किनार पाहिली. साचा दोन दिवसांत झाला. पण त्या दिवसापासून वरठीत भाऊजींना सगळे विचारायचे, "काय काका, किती गोळ्या पाडल्या?"

शिसं मिळणं सोपं होतं. नदीवर मासे धरणाऱ्यांकडे जुन्या फाटक्या जाळ्यांना शिशाच्या गोळ्या असतात, त्या त्यांनी आनंदाने दिल्या. आमच्या मागच्या अंगणात कोळशाची शेगडी, तिच्यावर एक फुटकी लोखंडी कढई, भाऊजींच्या तोंडाला दुपट्टा. मलाही त्यांनी तोंड बांधायला लावलं आणि कढईच्या आसपास पाण्याचा थेंब येऊ द्यायचा नाही, अशी ताकीद दिली. साचा चिमणीवर धरून आतून काजळीने काळा केला, म्हणजे शिसं चिकटत नाही. मग पळीने ओतलं, थोडं थांबून साचा उघडला. वजन पडलं, पण वरची कडी अर्धीच भरली होती. दुसरं ओतलं, तेही तसंच. दहाबारा पाडली, त्यात दोन बरी निघाली. ती दोन मी मागाला लटकवून पाहिली तर बाजूच्यांना घासून संध्याकाळपर्यंत काळी भुकटी पडली. भुकटी बोटांना, आणि बोटं कोशाला. मी म्हटलं, "भाऊजी, ह्याच्यापेक्षा गंज बरा होता." त्यांनी ती दोन्ही काढून नखाने खरवडून पाहिली. मग म्हणाले, "कथील पाहिजे."

कारखान्यात ते ज्या शेडमध्ये होते तिथे यंत्रांच्या बेअरिंगमध्ये पांढरा धातू ओतायचे. त्यांच्या उस्तादाने त्यांना सांगितलं होतं की नुसतं शिसं आळशी असतं, कोपऱ्यात जात नाही. त्यात कथील पडलं की ते पाण्यासारखं धावतं आणि थंड झाल्यावर कडक होतं. हे त्यांना इतक्या वर्षांनी आठवलं. पण कथील म्हणजे शिसं नव्हे. भंडाऱ्यात पितळेच्या भांड्यांना कल्हई करणारे उरलेत थोडे, ते कथलाची कांडी सोन्यासारखी जपून वापरतात. त्यांच्याकडून विकत घ्यायचं म्हटलं तर माझी दोन लुगडी त्यातच गेली असती. भाऊजी म्हणाले, "नवं कायले? लोकायच्या घरात किती कथील पडून असते, त्याइले माहीतच नसते." आणि ते भंगारात शिरले. वरठीच्या गफूरभाईच्या भंगाराच्या दुकानात ते रोज जाऊन बसू लागले. जुन्या रेडिओतले डाग दिलेले सांधे, फुटकी भांडी, कुठली मूर्ती, कुठला डबा. गफूरभाई म्हणायचा, "काका, तुम यहाँ हाजरी लगाने आते क्या?" एवढं करून मिळालं ते चिमूटभर. कथील म्हणून आणलेलं निम्मं ॲल्युमिनियम निघालं. दिवाळी जवळ येत होती. गजाननचा फोन आला की, गाडीचं सांगून ठेवलं आहे.

मग एक दिवस भाऊजी सकाळीच आले, फार खुशीत. पिशवीत काहीतरी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. मी चहा ठेवायला आत गेले. बाहेर आले तर शेगडी पेटलेली, कढईत सगळं जमवलेलं शिसं, आणि भाऊजी पाठ करून उभे. मी विचारलं, "काय टाकलं?" "कथील." "कुठून आनलं?" "होतं घरचं." मी वाकून पाहिलं तर शिशावर एक कप तरंगत होता, आणि त्याचा कान बाहेर होता… तो कप मी ओळखत होते. आमच्या घरात त्याला ओळखत नाही असं कोणी नव्हतं.

आसगावच्या मंडईत जिंकलेला कप होता तो. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडईची जत्रा भरते, रात्री दंडार, म्हणजे लोकनाट्य, असते आणि दिवसा कबड्डीचे सामने. भाऊजी विशीतले असतील. शेवटच्या चढाईत पाच जणांना घेऊन ते रेषेवर आले, असं ते सांगायचे; मी होते तिथे, तिघं होते. कप देताना माईकवरून ओरडून सांगितलं होतं, "शुद्ध कथलाचा कप!" तेव्हापासून तो कप त्यांच्या फळीवर. त्यांची बायको दर दसऱ्याला चिंचेने घासायची. ती गेल्यावर ते स्वतः घासत. घरी पाहुणा आला की आधी कप, मग पाणी. मी म्हटलं, "भाऊजी, हे काय केलं?" ते म्हणाले, "फळीवर बसून काय करते तो? इथं मागाखाली लटकेल, रोज वरखाली होईल. मले नाई बसता आलं मागावर, त्याले तं बसू द्या." तोपर्यंत कपही अर्धा बुडाला होता.

पण शिसं धावलं नाही. उलट घट्ट होऊ लागलं. वर साय आल्यासारखं झालं, मग गोळे झाले, मग कढईत धड पातळ नाही आणि धड कडक नाही असं आंबिलीसारखं काहीतरी तयार झालं. भाऊजींनी कोळसा वाढवला, पंखा मारला, पळीने ढवळलं. साच्यात ओतलं तर ते तोंडाशीच बसलं. दुपारपर्यंत त्यांनी प्रयत्न केला. शेवटी शेगडी विझवली. कढई थंड झाल्यावर उलटी केली, तेव्हा कढईच्या बुडाच्या आकाराचं एक करडं ढेकूळ खाली पडलं आणि त्याच्या एका बाजूला कपाचा कान तसाच राहिलेला, न वितळलेला. कप जस्ताचा होता. जस्त शिशात गेलं की सगळं शिसं नासतं, हे त्यांना उस्तादाने सांगितलं होतं. पण आपल्या कपावर कोण संशय घेतो?

ते ओट्यावर बसले. म्हणाले, "वयनी, कप खोटा निघाला." मी म्हटलं, "मंग काय झालं? कबड्डी का कपानं खेळले होते?" ते म्हणाले, "एवढी वर्षं लोकाइले दाखवत होतो ना…" मी म्हटलं, "लोकं पाणी प्याले अन् गेले. कोनी चावून पाहिला नाई. उठा, जेवून घ्या." ते जेवले. मात्र जाताना त्यांनी ते ढेकूळ उचलून पिशवीत घालायला घेतलं, ते त्यांना उचलेना. मी म्हटलं, "राहू द्या. मागाच्या खोलीचं दार वाऱ्यानं आपटते, त्याले लावते."

मला वाटलं आता हे येणार नाहीत. आणि मी मनाने नागपूरच्या त्या पलंगावर जाऊन पडलेही. पण चौथ्या का पाचव्या दिवशी त्यांचा फोन: "उद्या वरठीले या. संग सुती कापड आना अन् कान चांगले धुऊन या." मी एसटीने गेले. गफूरभाईच्या दुकानात भाऊजी एका दगडासमोर बसले होते, बाजूला संडास धुवायच्या ॲसिडची बाटली, त्यात बुडवायला काडी. कारखान्याच्या वसाहतीतून कोणी मोठा साहेब घर रिकामं करून गेला होता आणि त्याच्या घरातले पेले, तबकं, शोभेच्या वस्तू पोत्यात भरून भंगारात आल्या होत्या. भाऊजी एकेक वस्तू दगडावर टाकत. टणकन वाजली की बाजूला. भद्द आवाज आला की नखाने ओरखडा काढायचे, मग काडीने ॲसिडचा थेंब. थेंबातून बुडबुडे आले की जस्त. नाही आले की माझ्याकडे, मी पुसून ठेवायची. कप खोटा निघाल्यापासून त्यांचा कशावरच भरवसा उरला नव्हता. गफूरभाईचा चहाचा पेलाही त्यांनी वाजवून पाहिला. गफूरभाई म्हणाला, "काका, मुझपे भी एक बूँद डालके देख लो, असली हूँ की नकली." भाऊजी म्हणाले, "तुमचा आवाजच सांगते, भाई."

वैशाली दुपारी डबा घेऊन आली. ती बारावी शिकलेली, तेव्हा लग्नाला वर्षच झालं होतं, सासऱ्यासमोर फार बोलायची नाही. तिने एक पेला उचलला, जड, करडा, आणि त्याचा तळ उलटा करून पाहिला. म्हणाली, "बाबा, इथं लिहून आहे." भाऊजींनी कुठल्याच वस्तूचा तळ वाचला नव्हता. इंग्रजी होतं, मी चौथी शिकलेली, मला काय कळणार. ती म्हणाली, "प्यूटर लिहून आहे." मग तिने मोबाइलमध्ये पाहिलं आणि वाचून दाखवलं की प्यूटर म्हणजे जास्तीत जास्त कथीलच, थोडंसं दुसरं मिसळलेलं. भाऊजींनी तिच्याकडे असं पाहिलं जसं तिने एका चढाईत पाच गडी आणले. पोत्यात तसे पाचसहा पेले आणि एक फुटकं तबक निघालं, सगळ्यांच्या तळाला तीच अक्षरं. भाऊजींनी तरी थेंब टाकलाच.

गफूरभाई सगळ्या पोत्याला ॲल्युमिनियमचाच भाव लावत होता. मी भाऊजींना डोळ्याने खूण केली की गप्प बसा. ते गप्प बसले नाहीत. "भाई, हे रांगा आहे, कथील. ॲल्युमिनियम नोहे." गफूरभाई हसला. "मालूम है काका. तुम इतने दिन से बैठे हो, पंधरा कप चाय पिए मेरी. तुम नहीं बोलते तो मैं भी नहीं बोलता, पर फिर कभी चाय नहीं पिलाता. ले जाओ उसी भाव में." परतताना मी भाऊजींना म्हटलं, "वाचलो. तुमच्या तोंडानं घात केला असता." ते म्हणाले, "एक खोटा कप पुरे झाला ना वयनी."

नवं शिसं पुन्हा नदीवाल्यांकडून मागून आणलं. ह्या वेळी वैशालीही आली. कढईत शिसं, त्यात पेल्याचे तुकडे. तुकडे विरघळले आणि कढईचा पृष्ठभाग आरशासारखा झाला, त्यात मला आमच्या पेरूच्या झाडाची फांदी दिसली. भाऊजींनी ओतलं, साचा उघडला. कडी पूर्ण भरलेली, वजन चकचकीत, नखाने ओरखडा निघेना. दुसरं ओतलं, तिसरं ओतलं. दहाव्यानंतर त्यांनी पळी वैशालीच्या हातात दिली आणि म्हणाले, "हात हलू देऊ नको, बस." दोन दिवसांत सगळी झाली. शेजारची बाई कुंपणावरून म्हणाली, "काय वो, लढाईवर चालल्या काय?" मी म्हटलं, "हो, दिवाळीले गजानन येऊन राहिला."

तो आला. गाडीही आली, लाकूड न्यायला. मी मागावर होते. तो दाराशी उभा राहिला. मग खाली वाकून त्याने एक वजन हातात धरलं, सोडलं, ते आपल्या जागी गेलं. "काकानं पाडले काय?" "हो." "अन् काका कुठं आहे?" भाऊजी अंगणात लपल्यासारखे उभे होते, कोवळ्या उन्हात, गुन्हा केलेल्या माणसासारखे. गजानन बाहेर गेला. त्यांच्यात काय बोलणं झालं मला ठाऊक नाही. आत येऊन म्हणाला, "आई, गाडी रिकामी नाई नेत. तांदूळ दे एक पोतं." तांदूळ घेऊन गेला. नंतर माग मोडायची भाषा त्याने कधी केली नाही. तो पलंग त्याच्या मुलीला झाला.

त्यानंतर भाऊजी दर महिन्याला यायचे. म्हणायचे, "वजनं पाहायले आलो." पाहायचे काही नाहीत, नुसतं ऐकायचे. मागाखाली शंभरावर वजनं एकदम वरखाली होतात तेव्हा पावलांसारखा आवाज येतो. ते दाराजवळच्या स्टुलावर बसून तो ऐकत, आणि त्यांची नजर पायाजवळच्या ढेकळावर गेली की तोंड वाकडं करत. शेवटचे आले तेव्हा दिवस धान कापणीचे होते. थोडं चालल्यावर धाप लागत होती, पण मोटरसायकल सोडली नव्हती. म्हणाले, "वयनी, ते ढेकूळ फेका ना आता. लाज वाटते." मी म्हटलं, "तुमची लाज तुमी सांभाळा. माझं दार सांभाळते ते." ते हसले. जाताना त्यांनी पायाने ते जरा सरकवलं, दार अजून थोडं उघडं केलं. तेवढंच.

तेराव्याला लोक फार चांगलं बोलले. कोणी म्हणालं देवमाणूस. देवमाणूस वगैरे काही नव्हते. चहात साखर जास्त मागायचे, खेळातले गडी तीनाचे पाच करायचे, आणि बायकोला तिच्या हयातीत एकदाही नवं लुगडं पसंत करू दिलं नाही, स्वतःच आणायचे, तेही हिरवंच. पण एखादी गोष्ट चालू राहावी असं वाटलं की ते हात चालवायचे. तोंडानेही चालवायचे, पण हात आधी.

लोक गेल्यावर वैशालीने मला त्यांच्या खोलीत नेलं. कपाच्या फळीवर गोल डाग होता, तिथे त्यांनी दुसरं काहीच ठेवलं नव्हतं. तिने खाटेखालून एक पोतं ओढलं. जड होतं. आत पेले, तबकं, एक चमचा, एका मेणबत्तीच्या दिव्याचा बुडखा, सगळं प्यूटर, आणि प्रत्येकाच्या तळाला ॲसिडच्या थेंबाचा फिकट डाग. इतकी वर्षं ते गफूरभाईकडे बसतच होते. मी विचारलं, "हे कायले जमवून राहिले होते? माझ्या मागाले तं पुरलं." वैशाली खाली बघत म्हणाली, "मी एकदा म्हटलं होतं, मोठ्याई, का मले पण शिकाचं आहे… बाबा म्हणाले, मंग दुसऱ्या मागाले वजनं लागतील. पण हे तुमाले सांगू नको म्हणाले. म्हणाले, वयनी म्हणेल, आधी धाग्याची गाठ मारता येते का पोरीले." मी म्हटलं, "बरोबर बोलले. येते काय?" ती म्हणाली, "नाई." मी म्हटलं, "मंग सोमवारी ये."

ती सोमवारी आली. आता आठवड्यातून तीनदा येते, सकाळच्या एसटीने. गाठ आता जमते. दुसरा माग आमच्याच ओळीतल्या एका बंद घरात पडून होता, तो गजाननने येऊन खोलीत बसवून दिला. त्याला खिळा धड मारता येत नाही, पण बसवला. मागच्या आठवड्यात आम्ही शेगडी पेटवली. साचा भाऊजींचा, कढई तीच फुटकी. वैशालीने पेला आधी दगडावर टाकला, कान देऊन ऐकला, मग थेंब टाकला, मग कढईत सोडला. मी म्हटलं, "तळाले लिहून आहे ना, मंग कायले?" ती म्हणाली, "तसं तं बाबांच्या कपालेही माईकवर कथीलच म्हटलं होतं." तिचा हात हलला नाही.

आता खोलीत दोन माग आहेत आणि दार एकच. वारा नदीवरून येतो, दुपारी जास्त. दार आपटायला लागलं की मी उठते आणि पायाने ते ढेकूळ सरकवते. कपाचा कान अजून बाहेर आहे, दरवेळी अंगठ्याला लागतो. लागला की मी म्हणते, "भाऊजी, सरका." ते सरकतात. मग मी वैशालीकडे बघते. ती धोटा अर्ध्यात धरून माझ्याकडे बघत असते, आणि मी ओरडते, "मले काय पाहतं? आधी पार ने."